निसर्गदृश्याच्या रेंडरमधला उजेड कसा जोखावा: आधी मॉनिटर, मग खोली, मग चित्र

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. त्यामुळे सकाळी माथ्यावरच्या गवतावर ऊन पसरलेले असते आणि कड्याचा सगळा कातळ डोंगराच्या स्वतःच्याच सावलीत असतो. त्याला उजेड मिळतो तो समोरच्या आकाशाचा आणि खाली कोकणावर साचलेल्या धूसर हवेचा. हे दृश्य मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रचले तेव्हा कातळातले आडवे थर, त्यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्या आणि पाणी ओघळून पडलेले डाग यांवर कित्येक रात्री घालवल्या होत्या. डोंगर भटकणाऱ्या मित्रांच्या दिनदर्शिकेत ते चित्र छापून आले, तेव्हा त्यातला कडा हा एक सपाट काळा आकार झाला होता. छापणाऱ्यांनी फाइल जशी होती तशीच छापली होती. चूक माझ्या टेबलावर होती: मॉनिटर कारखान्यातून आला तसाच पूर्ण ब्राइटनेसवर चालत होता, मी दिवा मालवून काम करत होतो, आणि त्या झगमगत्या पडद्यावर मला जे थर स्पष्ट दिसत होते ते आकड्यांत जवळजवळ काळेच होते.

त्यानंतर मी एक क्रम ठरवून घेतला आणि तो कधीही मोडत नाही. आधी मॉनिटर एका ठरावीक पातळीवर आणायचा, मग खोलीतला उजेड त्याच्याशी जुळवायचा, मग रेंडरमधले, म्हणजे सॉफ्टवेअरने दृश्यापासून तयार केलेल्या चित्रातले, आकडे वाचायचे, आणि हे सगळे झाल्यावरच डोळ्यांना मत विचारायचे. डोळा समोरच्या उजेडाशी इतक्या सहज जुळवून घेतो की पडदा दुप्पट उजळ केला तरी काही मिनिटांत तोच आपल्याला योग्य वाटू लागतो. म्हणून चित्राचा उजेड डोळ्यांनी जोखायचा असेल तर बाकीच्या गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात.

मॉनिटरची पूर्वतयारी

मॉनिटर सुरू करून अर्धा तास जाऊ द्यावा, कारण मागचा प्रकाश स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन वीज वाचवणारा मोड, डायनॅमिक काँट्रास्ट आणि खोलीतल्या उजेडानुसार पडदा आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. संगणकाच्या बाजूने रात्रीचा पिवळसर मोडही बंद असावा. यातली एखादी गोष्ट चालू राहिली तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते, कारण आपण मोजलेला पडदा आणि आपण काम करतो तो पडदा वेगवेगळे ठरतात.

मॉनिटर एचडीएमआय तारेने जोडलेला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. काही वेळा ग्राफिक्स कार्ड त्याला दूरचित्रवाणी संच समजून ० (काळा) ते २५५ (पांढरा) ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच मूल्यांचा संकेत पाठवते. मॉनिटर पूर्ण मूल्यांची अपेक्षा करत असेल तर काळा रंग करडा दिसतो आणि सगळे चित्र धुरकट होते. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये पूर्ण श्रेणी निवडली की हा दोष जातो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी झाकणाचा कोनही कायम एकच ठेवावा. स्वस्त टीएन पॅनेलवर डोके चार बोटे वर-खाली झाले तरी सावल्या उघडतात किंवा मिटतात, आणि अशा पडद्यावर सावलीतल्या कातळाबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही.

पांढऱ्याची पातळी

बहुतेक मॉनिटर कारखान्यातून २५० ते ३५० निट इतक्या उजेडावर येतात. एक निट म्हणजे एक कॅन्डेला प्रति चौरस मीटर. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एसआरजीबी या पडद्यावरच्या रंगांच्या मानकात संदर्भ पडद्याचा पांढरा ८० निट धरला आहे, आणि घरी किंवा स्टुडिओत स्थिरचित्रांवर काम करताना ८० ते १२० निट ही पातळी सोयीची ठरते. मी १०० निट ठेवतो. पहिले दोन दिवस पडदा मंद वाटतो, नंतर डोळे निवतात.

मोजण्यासाठी कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा उजेड आणि रंग मोजणारे उपकरण, असेल तर उत्तमच. नसेल तर हाताने एक्स्पोजर ठरवता येणारा कोणताही कॅमेरा हे काम बऱ्यापैकी करतो, आणि ही युक्ती फारशी कोणी वापरत नाही म्हणून ती सविस्तर सांगतो. पूर्ण पडदाभर पांढरे चित्र उघडावे. कॅमेऱ्याचा आयएसओ १०० आणि छिद्र एफ/४ ठेवावे. भिंग मुद्दाम अस्पष्ट करावे, म्हणजे पिक्सेलची जाळी मोजमापात अडथळा आणणार नाही, आणि संपूर्ण चौकट पांढऱ्या पडद्याने भरेल इतके जवळ जावे. आता कॅमेऱ्याचा मीटर शून्यावर येईपर्यंत शटर बदलावे. मीटर १/५० सेकंदाला शून्य दाखवत असेल तर पडदा सुमारे १०० निटचा आहे, १/६० ला १२० निट, १/४० ला ८० निट आणि १/१२५ ला २५० निट. थोडक्यात, शटरच्या छेदाची दुप्पट केली की निट मिळतात. मीटरचा स्थिरांक १२.५ धरून हा हिशेब येतो. कॅमेऱ्यागणिक त्यात थोडा फरक पडतो, पण ३०० निटचा मॉनिटर १०० वर आणण्यासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

पातळी खाली आणताना मॉनिटरचे ब्राइटनेसचे बटण वापरावे, कारण एलसीडी पडद्यात ते मागचा प्रकाश कमी करते. काँट्रास्टला हात लावू नये. तो कमी केला तर पांढऱ्याबरोबर मधल्या छटांची संख्याही घटते. काही मॉनिटरांत एसआरजीबी नावाचा तयार मोड असतो, पण त्यात ब्राइटनेस बदलता येत नसेल तर तो सोडून द्यावा आणि वापरकर्त्याने ठरवायच्या मोडमध्ये ६५०० केल्विन हे रंगतापमान निवडावे.

गॅमा आणि दोन्ही टोके

गॅमा, म्हणजे मूल्य वाढेल तसा पडद्याचा उजेड कोणत्या वक्राने वाढतो ते, तपासण्यासाठी क्रिटा किंवा गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच एक पट्टी करावी. एक पिक्सेल काळी आणि एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांनी एक चौकोन भरावा आणि त्याच्या मध्यभागी १८८ मूल्याचा सपाट करडा चौकोन ठेवावा. चित्र १०० टक्के आकारात उघडून दोन मीटर मागे जावे आणि डोळे किंचित मिटून पाहावे. रेघांचा चौकोन निम्मा प्रकाश देतो, आणि एसआरजीबीच्या वक्रात निम्म्या प्रकाशाचे मूल्य १८८ येते. १२८ हे मूल्य प्रत्यक्षात जेमतेम २२ टक्के प्रकाश देते, हे अनेकांना माहीत नसते. मधला चौकोन रेघांत विरून गेला तर गॅमा बरोबर आहे. तो रेघांपेक्षा उजळ दिसला तर पडद्याचा गॅमा कमी आहे, काळपट दिसला तर जास्त आहे. पूर्वी मॅक संगणकांचा गॅमा १.८ असे आणि २००९ पासून तो २.२ झाला, त्यामुळे त्याआधीच्या मार्गदर्शिकांतले आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

काळ्या टोकासाठी शून्य मूल्याच्या पार्श्वभूमीवर ३, ५, ८, १२ आणि १६ या मूल्यांचे चौकोन ठेवावेत. मंद उजेडाच्या खोलीत निदान ८ चा चौकोन, आणि चांगल्या पडद्यावर ५ चाही, वेगळा दिसला पाहिजे. पांढऱ्या टोकाला २५५ वर २५२ ओळखू आला म्हणजे पुरे.

कलरीमीटर असलेल्यांनी आर्गिलसीएमएसवर आधारलेली डिस्प्लेकॅल ही मोफत प्रणाली वापरावी आणि तिला डी६५ (सुमारे ६५०० केल्विनचा) पांढरा, १०० निट आणि एसआरजीबी वक्र ही उद्दिष्टे द्यावीत. शेवटी जी प्रोफाइल तयार होते तिचे काम मात्र नीट समजून घ्यावे. तिचा एक भाग ग्राफिक्स कार्डातून जाणाऱ्या मूल्यांत थेट दुरुस्ती करतो आणि ती सर्वत्र लागू होते. दुसरा भाग हे केवळ पडद्याचे वर्णन असते, आणि जे सॉफ्टवेअर ते वाचते त्यालाच त्याचा उपयोग होतो. त्यामुळे रुंद रंगपट्टा असलेल्या पडद्यावर एकाच फाइलचे हिरवे गवत एका खिडकीत शांत आणि दुसऱ्या खिडकीत भडक दिसू शकते. चित्र साठवताना त्यात एसआरजीबी प्रोफाइल अंतर्भूत करावी, ती याच कारणासाठी.

खोलीतला उजेड

इथे मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते, कारण मॉनिटर जुळवून झाल्यावर माणसे खोली विसरतात आणि निसर्गदृश्यातल्या सावल्या तिथेच हरवतात.

एक साधा हिशेब पाहू. पडद्यावर ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड पडत असेल आणि पडद्याचा पृष्ठभाग त्यातला १ टक्का विखरून परत पाठवत असेल, तर जवळजवळ १ निट इतका उजेड पूर्ण काळ्या पिक्सेलवरही साचतो. आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण, १००० : १ धरला तर १०० निटच्या पडद्याचा स्वतःचा काळा ०.१ निट असतो. म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटने काळा रंग दहापट वर उचलला. १०० निटच्या पडद्यावर १ निट प्रकाश देणारे मूल्य २५ च्या आसपास येते. त्याच्या खालच्या सगळ्या छटा खोलीच्या परावर्तनापेक्षा मंद असतात आणि एकमेकींत मिसळू लागतात. पॅनेल कितीही महागाचे घेतले तरी खिडकी पाठीमागे असेल तर हा नियम बदलत नाही.

उलट टोकही चुकीचेच आहे. मिट्ट काळोखात उजळ पडदा पाहिला की सावल्यांतले बारकावे आपल्याला अवाजवी स्पष्ट दिसतात आणि आपण चित्र गरजेपेक्षा काळे करतो. माझ्या दिनदर्शिकेचे हेच झाले. एसआरजीबी मानकात खोलीचा उजेड ६४ लक्स धरलेला आहे, आणि मी तेवढाच ठेवण्याचा प्रयत्न करतो: पडद्याच्या मागे भिंतीकडे तोंड केलेला एक छोटा पांढरा दिवा, आणि डोक्यावरची ट्यूब बंद. लक्स मोजायला फोनवरचे ॲप ढोबळ अंदाजासाठी चालते. टेबलामागची भिंत शक्यतो करडी किंवा फिकट पांढरी असावी. आपल्याकडे घरांत भिंतींना पिवळा, पिस्ता किंवा गुलाबी रंग असतो, आणि त्याची झाक डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते. भिंत रंगवणे शक्य नसेल तर पडद्यामागे करडे कापड टांगले तरी भागते. पुण्या-मुंबईच्या घरांत दिवसा पडदे ओढूनही खोलीचा उजेड तासातासाला बदलतो, म्हणून उजेडाचे अंतिम निर्णय मी सूर्यास्तानंतरच घेतो.

आता रेंडर

रेंडरमधला उजेड आकड्यांत पकडण्यासाठी दृश्यात १८ टक्के परावर्तनाचा एक करडा फलक ठेवावा आणि तो सूर्याकडे वळवावा. ब्लेंडरमध्ये मूळ रंगाच्या आरजीबी रकान्यांत तिन्ही ठिकाणी ०.१८ लिहावे, कारण ते रकाने रेषीय, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणातली, मूल्ये घेतात. तिथल्या हेक्स रकान्यात लिहिलेले मूल्य एसआरजीबी समजले जाते आणि त्या दोघांची गल्लत फार वेळा होते. चाचणी रेंडर करून प्रतिमा-खिडकीत फलकावर माउसचे उजवे बटण दाबून धरले की खालच्या पट्टीत मूल्ये दिसतात. फलकाचे रेषीय मूल्य ०.१८ येईपर्यंत एक्स्पोजर हलवावे. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरमधला प्रकाश पडद्याच्या मूल्यांत बदलणारे रूपांतर) ‘स्टँडर्ड’ असेल तर हेच मूल्य चित्रात ११८ होऊन येते. ब्लेंडर ४.० पासून, म्हणजे २०२३ पासून, नव्या फाइलमध्ये एजीएक्स हे रूपांतर आधीपासून निवडलेले असते आणि त्याआधी २.८ पासूनच्या आवृत्त्यांत फिल्मिक असे. ही दोन्ही रूपांतरे टोकाचे उजेड मऊपणे दाबतात, त्यामुळे अंतिम मूल्ये वेगळी येतात. मोजणी ‘स्टँडर्ड’मध्ये करावी आणि चित्र एजीएक्समध्ये पूर्ण करावे, असा माझा सल्ला आहे. ‘फॉल्स कलर’ हा पर्यायही वापरून पाहावा. त्यात मध्यम उजेड करडा आणि त्याच्या वरखालचे स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वेगवेगळ्या रंगांत दिसतात.

फलक जुळला की कोकणकड्याचे काय होते ते पाहू. काळ्या बेसॉल्टचे परावर्तन ९ टक्के धरले तर तो उन्हात फलकापेक्षा एक स्टॉप खाली, म्हणजे मूल्य ८५ च्या आसपास येतो. सकाळी तो सावलीत असतो. ही सावली सूर्याकडे तोंड असलेल्या पृष्ठभागापेक्षा तीन स्टॉप मंद धरली तर मूल्य २७ वर उतरते. वर काढलेला २५ चा आकडा इथे आठवावा: उजेडाने भरलेल्या खोलीत परावर्तन जिथे सावल्या गिळू लागते, नेमका तिथेच हा कडा बसतो. त्यातल्या थरांमधला फरक दोन-चार आकड्यांचा, आणि ओला कातळ तर कोरड्यापेक्षाही काळा.

गवताबद्दल मी अनेक वर्षे चुकत होतो. भूगोलाच्या तक्त्यांत गवताळ जमिनीचे परावर्तन २० ते २५ टक्के दिलेले असते आणि आपण तोच आकडा मटेरियलमध्ये टाकतो. पण तो आकडा सूर्याच्या संपूर्ण ऊर्जेचा असतो, आणि हिरवी पाने तिच्यातला मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात परत पाठवतात. दिसणाऱ्या प्रकाशात हिरवे पान लाल आणि निळ्याचे सुमारे ५ टक्के व हिरव्याचे १० ते १५ टक्केच परत देते. श्रावणातल्या सह्याद्रीचे रेंडर प्लॅस्टिकसारखे झगझगते दिसते, त्यामागे बहुधा हेच कारण असते; रंगाची तीव्रता कमी करत बसण्यापेक्षा परावर्तन निम्म्यावर आणून पाहावे. बर्फाची गोष्ट वेगळी आहे. ताजा बर्फ दिसणाऱ्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत पाठवतो, त्यामुळे हिमालयाच्या दृश्यात त्याला ८० टक्के दिले तर उन्हात मूल्य २३१ च्या आसपास येते, आणि २५५ ला चिकटलेला बर्फ दिसला की एक्स्पोजर जास्त झाले असे समजावे. सूर्यापासून दूरचे निळे आकाश साधारण करड्या फलकाइतकेच उजळ असते.

दूरच्या डोंगररांगांसाठी हवेचा हिशेब करावा. दृश्यमानता २० किलोमीटर असेल तर ५ किलोमीटरवरच्या काळ्या डोंगराचा क्षितिजाच्या आकाशाशी असलेला मूळ काँट्रास्ट सुमारे ३८ टक्के उरतो आणि १० किलोमीटरवर १४ टक्के. म्हणून रांगांवर एकापाठोपाठ एक टिचकी मारून मूल्ये वाचावीत: प्रत्येक मागची रांग पुढच्यापेक्षा उजळ आणि क्षितिजाच्या आकाशाच्या अधिक जवळ गेली पाहिजे, आणि या पायऱ्या मागे जाता जाता लहान होत गेल्या पाहिजेत. एखादी मागची रांग पुढच्यापेक्षा काळी निघाली आणि तिच्यावर ढगाची सावली नसेल, तर धुक्याची सेटिंग चुकली आहे. चांदण्याच्या दृश्यांना हे आकडे लावू नयेत. तिथे डोळ्यांना प्रत्यक्ष जे दिसते ते कॅमेऱ्याच्या हिशेबात बसत नाही आणि किती काळोख ठेवायचा हा चित्रकाराचा निर्णय राहतो.

मग डोळे

चित्र पाहताना सभोवती ११८ मूल्याची करडी पार्श्वभूमी असावी. पांढऱ्या पानावर तेच रेंडर काळपट वाटते आणि काळ्या पानावर उजळ. अनेक सॉफ्टवेअरची खिडकी हल्ली गडद असते, त्यामुळे आपले चित्र नकळत काळे होत जाते. सलग काम केल्यावर पंधरा मिनिटे उठून जावे, परत आल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत जे वाटेल ते कागदावर लिहून ठेवावे, कारण त्यानंतर डोळे जुळवून घेऊ लागतात. चित्र बोटभर आकाराचे करून पाहण्याची सवयही चांगली: त्या आकारात कडा, माथा आणि आकाश हे तीन उजेड वेगळे दिसले नाहीत, तर मोठ्या आकारात थर कितीही कोरले तरी चित्र उभे राहत नाही.

फोनवर एकदा पाहावे, पण त्यावरून दुरुस्ती करू नये. फोन स्वतःचा उजेड सतत बदलत असतो.

छपाईसाठी मात्र एक वेगळी प्रत करावी. मॅट कागदावरचा पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचे प्रमाण ४० : १ च्या आसपास असते, पडद्याचे १००० : १. शिवाय कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. ३५० लक्स उजेडात पांढरा कागद साधारण १०० निट दिसतो, तर घरातल्या भिंतीवर, १२० लक्सच्या उजेडात, तो जेमतेम ३४ निटचा असतो. दिनदर्शिका भिंतीवरच टांगली जाते. छापील चित्रे नेहमीसारखी पाहण्यासाठी आयएसओ ३६६४ या मानकात ५०० लक्सची, तर बारकाईने तुलना करण्यासाठी २००० लक्सची पातळी दिलेली आहे, आणि छापखान्यातल्या तशा उजेडात ठीक दिसलेली प्रत आपल्या दिवाणखान्यात काळी वाटू शकते, हे नमुना मंजूर करण्याआधी लक्षात घ्यावे. शक्य असेल तर नमुना घरी आणून ज्या भिंतीवर तो लागणार आहे तिथेच पाहावा.

कोकणकड्याचे रेंडर मी पुन्हा केले. मॉनिटर १०० निटवर आणि खोली ६४ लक्सच्या आसपास आणल्यावर तो कडा मला पहिल्यांदाच तसा काळा दिसला, जसा तो इतरांना दिसत आला होता. गवताचे परावर्तन २२ टक्क्यांवरून १० वर उतरवले. त्यामुळे माथ्यावर जागा मोकळी झाली आणि एक्स्पोजर एक स्टॉप वाढवता आले. सावलीतला कातळ २७ वरून ४१ वर आला, गवत १२४ च्या आसपास राहिले, आकाश १६० च्या घरात गेले, आणि ढगांचे पांढरे काठ एजीएक्सने सांभाळले. छपाईच्या प्रतीत सावल्या आणखी थोड्या उचलल्या. आता तो कागद माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलेला आहे, आणि संध्याकाळी फक्त पडद्यामागचा दिवा चालू असतानाही त्यातले आडवे थर आणि त्यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्या मोजता येतात.